न दिसणारा दोष सांगावा काय?

येडगावच्या धरणाकडून नारायणगावास येताना रस्त्याच्या कडेला एक लहानसे गॅरेज लागते. पाण्याचे पंप, शेतीची अवजारे, टोमॅटोचे क्रेट वाहणारे टेम्पो, जे येईल ते तेथे दुरुस्त होते. गेल्या हिवाळ्यात आमच्या गाडीचे चाक पंक्चर झाल्यामुळे आम्हांस तेथे दीड तास बसावे लागले. त्या दीड तासात जो प्रश्न आमच्या कानी पडला, त्याने अद्याप आमची पाठ सोडलेली नाही.

मिस्त्रींपुढे एक जुनी परदेशी मोटारसायकल उभी होती. आपल्याकडच्या राजदूत, येझदी, बुलेट या साऱ्या साखळीवर चालणाऱ्या. हिला मात्र साखळीच नव्हती. इंजिनाची शक्ती एका फिरत्या दांड्यातून मागे जाते, तेथे दातेरी चक्रांची एक जोडी तिची दिशा काटकोनात वळवते आणि चाक फिरू लागते. बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीने १९२३ साली आपल्या पहिल्याच मोटारसायकलीला, आर ३२ हिला, अशी रचना दिली होती. साखळी नाही म्हणजे ती ताणणे नाही, धूळ बसणे नाही, तेलाचे शिंतोडे नाहीत. मालकाला वाटते, येथे काही करावेच लागत नाही.

पण करावे लागते. चाकाच्या तुंब्यात आतून खाचा असतात आणि त्या मागच्या पेटीच्या दात्यांत अडकतात. चाकाला मिळणारी सगळी ओढ या दात्यांवरून जाते. पेटीतील चक्रे तेलात बुडालेली असतात. ते तेल या दात्यांपर्यंत पोहोचत नाही. त्यांना ग्रीस लावायचे ते हातानेच, आणि तेही चाक काढले तरच. टायर बदलण्यासाठी चाक निघाले की आधी दाते पुसावेत, मग मॉलिब्डेनमचे काळे ग्रीस बेताने लावावे, हा शिरस्ता आहे. साधे ग्रीस तेथील दाबाखाली टिकत नाही आणि फार भरले तर फिरताना बाहेर फेकले जाते. या गाडीचा टायर पूर्वी दोनदा बदलला गेला होता. दोन्ही वेळा कोणीतरी चाक काढले, कोरडे दाते पाहिले आणि चाक तसेच चढवले. मिस्त्रींनी चिंधीने पुसून दाखविले तेव्हा चौकोनी माथ्याचे दाते करवतीसारखे टोकदार झालेले दिसले. खाली तांबूस गंजाची भुकटी पडली.

मालक पुण्याचे, बोलण्यात सभ्य. त्यांनी तशाच दुसऱ्या एका गाडीचे चाक बरोबर आणले होते. ते चढवून टाका म्हणाले. मिस्त्री म्हणाले, “साहेब, चाक बसेल. पण पेटीचे दाते झिजलेले आहेत, ते या चांगल्या चाकालाही खातील. बदलायचे तर दोन्ही बदला.” पेटीची किंमत ऐकून मालक गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, “मग जुनेच राहू द्या. ग्रीस मात्र भरपूर भरा. सोमवारी गिऱ्हाईक यायचे आहे.” आणि ते चहाला गेले.

घट्ट ग्रीस भरले की खडखड काही दिवस दबते. जुन्या गिअरपेटीत लाकडाचा भुसा घालून आवाज लपविण्याची युक्ती मोटारींच्या धंद्यात पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यापुढे ग्रीस म्हणजे सोज्वळपणाच. मिस्त्री हात पुसत आमच्याकडे वळले. “फादर, एक विचारू का? भुसा घालणे लबाडी, हे मला कळते. पण ग्रीस तर लावायलाच पाहिजे. मग ते लावणे खोटे कसे होईल?”

आम्ही सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलो, पण इतका नेमका प्रश्न कोणी विचारल्याचे स्मरत नाही. हात तोच, ग्रीस तेच, दातेही तेच. एका वेळी ती यंत्राची निगा ठरते, दुसऱ्या वेळी फसवणूक.

तसा प्रश्न जुना आहे. सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ साली कर्तव्यांविषयी लिहिलेल्या ग्रंथात एका व्यापाऱ्याचे उदाहरण घेतले आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. व्यापारी धान्याचे जहाज घेऊन पोहोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, लोकांना नाही. त्याने ते सांगावे काय? डायोजेनिस म्हणे, न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. अँटिपेटर म्हणे, सांगितलेच पाहिजे. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात याच उदाहरणावर अधिक बारीक भेद केला. उद्या भाव उतरेल हे सांगणे थोरपणाचे. न सांगितल्याने न्यायाचा भंग होत नाही. पण वस्तूत आजच दोष आहे, तो दिसत नाही आणि त्यातून घेणाऱ्याला तोटा किंवा धोका आहे, तर सांगणे हे न्यायानेच बंधनकारक. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते घेणाऱ्याला दिसते. किंमत कमी केली म्हणजे पुरे. लंगडा घोडा वेगवान म्हणून मात्र विकता येत नाही. आपला १९३० चा माल विक्री कायदा मुळात खरेदीदारानेच सावध राहावे असे मानतो, मग त्याला काही अपवाद जोडतो. पण चाक काढल्याविना जे दिसतच नाही, तेथे सावध राहून तरी काय पाहायचे?

हे सारे आम्ही मिस्त्रींना सांगू शकलो असतो. सांगितले नाही, कारण आम्हांस आमची चेतक आठवली.

तीस वर्षांपूर्वी, नव्याने दीक्षित झालो असताना, नगर जिल्ह्यात आम्ही बजाज चेतक वापरीत असू. आकुर्डीला तयार होणाऱ्या त्या स्कूटरलाही साखळी नव्हती. मागचा ड्रम थेट दातेरी दांड्यावर बसे. वर नट, आणि नट फिरू नये म्हणून स्प्लिट पिन. एकदा ब्रेकशू बदलताना ती पिन आमच्या हातून तुटली. बाजार दूर होता. नट करकचून आवळला आणि पिनेशिवायच गाडी चालविली. पुढे ड्रम किंचित हलू लागला. ते आम्हांस कळत होते. बदली झाली तेव्हा गाडी एका शाळामास्तरांना दिली, वाजवी किमतीत, आणि ड्रमाविषयी एक शब्द बोललो नाही. त्यांनी विचारलेही नाही.

पावसाळ्यात एका रात्री तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन ते दवाखान्यात निघाले. वाटेत दाते साफ सोलले गेले. इंजिन ओरडते आहे आणि चाक जागचे हलत नाही! मुलाला खांद्यावर टाकून मास्तर चार किलोमीटर चालले. मूल वाचले. महिन्यांनी भेटले तेव्हा म्हणाले, “फादर, गाडी चांगली होती. मीच ओझे फार घातले असेन.” आणि आम्ही मान डोलावली.

त्या मान डोलावण्याचे पापनिवेदन आम्ही केले आहे. परंतु क्षतिपूर्ती नावाची गोष्ट असते, आणि ती पापनिवेदनाच्या जागेत पुरी होत नाही, हे दरवर्षी उपवासकाळात आम्हीच लोकांना सांगत आलो आहोत.

मिस्त्री अजून उत्तराची वाट पाहत होते. आम्ही एवढेच म्हणालो, “ग्रीस लावा. दाते कोरडे ठेवणे काही पुण्य नव्हे. पण तुम्ही जे पाहिले ते लपवू नका.” त्यांनी रॉकेलने दाते धुतले, बेताचेच ग्रीस लावले, चाक बसविले. मालक परत आले तेव्हा बिलावर मजुरीच्या खाली त्यांनी लिहिले होते : ‘मागील दाते झिजलेले. दोन्ही भाग बदलणे.’ कार्बन कागदाखाली दुसरी प्रतही उमटली होती. मालकांनी ते दोनदा वाचले, पैसे दिले, बिलाची घडी करून खिशात ठेवली आणि निघाले. सोमवारच्या गिऱ्हाइकाने ती घडी पाहिली की नाही, कोण जाणे.

मास्तर आता निवृत्त झाले आहेत. त्या रात्रीच आम्ही त्यांना पत्र लिहिले, पिनेपासून मान डोलावण्यापर्यंत सारे. तो मुलगा आज स्वतः बाप झाला आहे, असे ऐकतो. उत्तर अजून आलेले नाही.