हुकमाविना अध्यक्षपद

कल्याण ओलांडल्यावर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी जी वस्ती लोहमार्गाच्या कडेने वाढत गेली, तीत एकाच चाळीतली दोन कॅथॉलिक कुटुंबे रविवारी दोन दिशांना जावीत, यात नवल नाही. मंगळुरी कुटुंब लॅटिन विधीच्या मिस्सेला जाते व मुंबईच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत मोडते, तर केरळातून आलेले सिरो-मलबार विधीचे कुटुंब आपल्या मिस्सेला, म्हणजे कुर्बानाला, जाते व कल्याणच्या धर्मपीठाखाली येते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३० एप्रिल १९८८ रोजी कल्याणचा धर्मप्रांत स्थापिला, तेव्हापासून या मुलखावर दोन अंमल सुखेनैव चालू आहेत. आणि राष्ट्रीय बिशप परिषदेच्या नेतृत्वाची मर्यादा तिच्या घटनेपेक्षा या चाळीतच मला अधिक स्पष्ट दिसते.

१९४४ साली मद्रासेत स्थापन झालेल्या भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेत बहुमत लॅटिन बिशपांचे. केरळाबाहेर पांगलेल्या सिरो-मलबार जनांना आपल्या विधीचा बिशप मिळावा की नाही, हा वाद वर्षानुवर्षे धुमसत राहिला, आणि मतमोजणीने तो मिटण्याजोगा नव्हता. कारण वाडवडिलांपासून चालत आलेली उपासना ही ठरावाने मंजूर वा नामंजूर करण्याची बाब नव्हे. अखेर निवाडा रोमचाच झाला. पोपच्या २८ मे १९८७ च्या पत्रान्वये प्रत्येक विधीस आपली स्वतंत्र बिशपसभा मिळाली आणि राष्ट्रीय परिषदेकडे सामायिक प्रश्न तेवढे उरले.

तेव्हा अध्यक्षस्थानी मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस असोत किंवा २०२२ साली निवडले गेलेले त्रिचूरचे सिरो-मलबार आर्चबिशप अँड्र्यूज थाझथ असोत, दुसऱ्या बिशपावर त्यांचा हुकूम चालत नाही; आपल्या प्रांतापुरता प्रत्येकजण मुखत्यार. बिशप परिषदांच्या धर्मशिक्षणविषयक घोषणेस एकमत हवे, नाहीतर दोनतृतीयांश मते आणि वर रोमची मान्यता, असा दंडक पोपने १९९८ साली घालून दिला. याला दुर्बलता म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ही व्यवस्था शहाणपणाची वाटते, कारण बहुमताला श्रद्धेच्या अंतर्गृहात मुक्तद्वार दिले, तर अल्पसंख्य विधीने दाद मागावी कोणाकडे? मात्र तिची किंमत सामान्य माणूस मोजतो. बदलापुरात मंगळुरी मुलीने केरळी मुलाशी लग्न केले, तर मूल बापाच्या विधीत जमा होते. आईच्या विधीत घ्यायचे, तर दोघांची संमती लागते. ती न जमल्यास दिल्लीतल्या राष्ट्रीय परिषदेला अर्ज करून उपयोग नाही; दोन्हीकडच्या फादरांनी घरी येऊन नवराबायकोला समजावायचे, आणि तेही आपापल्या बिशपांच्या कलाने.