झाड वाढले, पण नाव कुणाचे?

आफ्रिकेतल्या खेड्यांच्या विकासाची चर्चा निघाली की सौर दिवे, मोबाइल, ड्रोन ही नावे पटापट पुढे येतात. उत्तर बुर्किना फासोतल्या यातेंगा पठाराकडे पाहिले, तर प्रश्न यंत्राचा वाटतच नाही. 1962 ते 1965 या काळात तिथे मृदसंधारणाचा मोठा प्रकल्प झाला. बुलडोझर आले, सुमारे 1 लाख 20 हजार हेक्टरांवर मातीचे बांध घातले आणि निघून गेले. शेतकऱ्यांना कोणी विचारले नव्हते. बांध फुटला तर बुजवायचा कोणी, हेही ठरले नव्हते. व्हायचे तेच झाले. लोकांनी ते बांध आपले मानले नाहीत आणि बघता बघता त्यांची वाताहत झाली.

1980 च्या सुमारास ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या प्रकल्पातून तिथे जे साधन रुजले ते अगदीच किरकोळ होते: एक लांब पारदर्शक नळी, दोन काठ्या आणि पाणी. आपल्याकडचा गवंडी पाया आखताना वापरतो तीच लेव्हलची नळी. यातेंगातला उतार इतका मंद की डोळ्यांना भुई सपाटच दिसते. पावसाला मात्र तो बरोबर सापडतो आणि माती वाहून जाते. दोन्ही टोकांचे पाणी काठ्यांवरच्या एकाच खुणेला आले की त्या दोन जागा समपातळीत. तिथे रेघ मारायची, पुढे सरकायचे, मग त्या रेघेवर दगड मांडायचे. ज्याने कधी पाटी धरली नाही तोही हे एक-दोन दिवसांत शिकतो. मातीचा बांध पाण्याचा जोर आला की फुटतो. दगडांची ओळ पाण्याला नुसती रेंगाळायला लावते आणि गाळ ठेवून घेते. दगड निसटला तर तो परत बसवायला कोणाची मंजुरी लागत नाही.

त्याच भागात गुर्गा गावचे याकुबा सावादोगो ‘झाई’ या जुन्या पद्धतीत आपले डोके चालवत होते. पापुद्रा धरलेल्या जमिनीत कोरड्या हंगामातच खड्डे घ्यायचे, नेहमीपेक्षा मोठे, आणि त्यांत शेणखत टाकायचे. खताच्या वासावर वाळवी येते, जमीन पोखरते, आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या बिळांतून खाली मुरते. मग ज्वारी-बाजरी पेरायची. लोकांनी त्यांना वेड्यात काढले, पण पीक उभे राहिल्यावर तेच लोक शिकायला आले.

याला लोकज्ञान म्हणून हार घालून मोकळे होणे सोपे आहे. पण दगडासारख्या जमिनीत हेक्टरी हजारो खड्डे घेणे म्हणजे अंग मोडणारे काम, आणि ज्या घरात हात कमी त्या घराला ते झेपत नाही. जवळचे दगड संपले की लांबून आणायला ट्रक लागतो. स्थानिक पुढाकार म्हणजे फुकट मजुरी, असा हिशेब देणगीदार अनेकदा मनात धरून असतात. तो मला मान्य नाही.

त्याहून मोठी गोष्ट मालकीची. सावादोगोंनी त्या उजाड जमिनीवर 60 हून अधिक जातींची झाडे असलेले रान उभे केले. 2018 मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. पण जवळचे वाहिगुया शहर वाढू लागले तसे त्याच रानात घरांचे प्लॉट पडू लागले. आपल्या सातबाऱ्यासारखा भक्कम कागद हाती नसल्यावर पुरस्कार दाखवून जमीन राखता येत नाही. 2023 मध्ये सावादोगो गेले.

शेजारच्या नायजरमध्ये हीच गोष्ट उलट बाजूने दिसते. तिथे पूर्वी झाडावर मालकी सरकारची असे, आणि तोडले तर वनरक्षकाचा दंड. मग शेतात फुटलेला कोंब शेतकरी कशाला जपणार होता? 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनाउदो यांनी मरादी भागात जुन्या बुंध्यांचे फुटवे राखण्याची पद्धत पसरवली. पुढे वनखात्याचा जाचही सैल झाला आणि शेतकरी झाड आपले समजून वागू लागले. सुमारे 50 लाख हेक्टरांवर झाडे परतली, तीही बहुतांशी रोपे न लावता. शेतकऱ्यांनी राखलेल्या झाडांवर त्यांचाच हक्क, हे मान्य करणारा सरकारी आदेश निघाला तो 2020 मध्ये. तोवर पहिल्या फुटव्यांना पस्तीसेक वर्षे झाली होती.