खेकड्याचं दुखणं

खेकड्याला दुखतं का? बेलफास्टमध्ये संशोधक रॉबर्ट एलवुड यांनी शंखात राहणाऱ्या खेकड्यांना विजेचे सौम्य झटके दिले. शंख आवडीचा असेल तर खेकडे तो सहजी सोडत नसत. नावडत्या शंखातून मात्र लवकर बाहेर पडत. निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया असती, तर हा हिशेब कुठून आला? याने वेदना सिद्ध होत नाही, हा आक्षेप खरा. पण शेजाऱ्याचं दुखणंही आपण त्याच्या वागण्यावरूनच ओळखतो. शंकेचा फायदा इथे आजवर मारणाराच घेत आला आहे. पण स्वित्झर्लंडने २०१८ मध्ये शुद्धीवरचा लॉब्स्टर उकळायला बंदी घातली. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने खेकड्यांना संवेदनशील प्राण्यांत धरलं. खाणं सोडा, असं या कायद्यांत कुठेच नाही. कोकणात जिवंत खेकड्याच्या नांग्या मोडतात. आधी झटक्यात मारला, तर कालवणाचं काय बिघडणार आहे?