सुई, बिंदू आणि कुंभाराचे गाढव

जुनाट पाठदुखीने हैराण झालेल्या ११६२ रुग्णांवर जर्मनीत ॲक्युपंक्चरची मोठी चाचणी झाली. २००७ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. पहिल्या गटाला चिनी परंपरेने सांगितलेल्या बिंदूंवर रीतसर सुया टोचल्या. दुसऱ्याला मुद्दाम भलत्या जागी आणि कातडीत जेमतेम शिरतील अशा. कोणाला कुठल्या सुया, हे रुग्णांना कळू दिले नव्हते. तिसऱ्या गटाला नेहमीची औषधे, फिजिओथेरपी आणि व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटात ४७.६ टक्के रुग्णांना गुण आलेला होता, तिसऱ्यात २७.४ टक्के रुग्णांना. आणि मधल्या गटात? ४४.२ टक्के.

बिंदू चुकला तरी गुण आलाच.

आपल्या नैयायिकांनी असल्या कोड्याचा शतकानुशतके कीस पाडला आहे. मडके घडण्याआधी कुंभार हजर असतो, चाक असते, माती असते, आणि ती माती वाहून आणणारे गाढवही असते. पण गाढवाला मडक्याचे कारण कोणी म्हणत नाही. माती दुसऱ्या कशावरूनही आणता आली असती. आधी हजर असूनही जिच्यावाचून काही अडत नाही, अशी गोष्ट न्यायदर्शनाच्या भाषेत ‘अन्यथासिद्ध’. ‘ची’ नावाची प्राणशक्ती, ती वाहून नेणारे मार्ग, त्यांवरचे ३६१ बिंदू हा सारा नकाशा निदान पाठदुखीपुरता तरी गाढवाच्या जागी आहे, असेच ही चाचणी सुचवते.

मग मडके घडवले कोणी? टेड कॅपचुक यांनी मकाऊला चिनी वैद्यक शिकून अमेरिकेत ॲक्युपंक्चरचा व्यवसाय केला आणि पुढे हार्वर्डमध्ये ते याच प्रश्नामागे लागले. २००८ मध्ये त्यांनी आतड्याच्या जुनाट तक्रारीच्या २६२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली सुई बोथट होती. दाबली की ती आपल्याच दांडीत सरकायची. टोचल्यासारखे वाटायचे, पण कातडी भेदली जात नसे. काहींना नुसते प्रतीक्षायादीत ठेवले. त्यांतल्या २८ टक्क्यांना आराम पडला. बोथट सुई, पण बोलणे जेवढ्यास तेवढे, अशा गटात ४४ टक्के. तिसऱ्या गटाला सुई तीच, मात्र पहिल्या भेटीत उपचार करणाऱ्याने ४५ मिनिटे दिली, आपुलकीने ऐकून घेतले, नाडी धरून वीसेक सेकंद शांतपणे विचार केला. तिथे ६२ टक्के.

याला ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावणे अन्यायाचे आहे. ज्याचे दुखणे कमी झाले त्याचा आराम खोटा नसतो, आणि पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून रुग्णाला वाटेला लावणाऱ्या दवाखान्यांनी या आकड्यांपुढे अंतर्मुख व्हायला हवे.

पण याच आरामाला एक धोकादायक बाजू आहे. २०११ मध्ये कॅपचुक यांच्याच सहकाऱ्यांनी दम्याच्या रुग्णांना कधी औषधाचा पंप दिला, कधी औषध नसलेला पंप, कधी खोटी सुई. तिन्ही वेळा रुग्णांनी जवळपास सारखाच आराम सांगितला. फुप्फुसांची क्षमता मात्र खऱ्या औषधाने २० टक्के वाढली, बाकी दोन्हींनी सुमारे ७ टक्केच. बरे वाटत होते आणि श्वासनलिका आखडलेलीच होती. अशा रुग्णाचा पंप सुटला तर जिवावर बेतू शकते.

महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धतीचा दर्जा दिला. तेव्हा समोर झोपलेल्या माणसाला नेमके काय सांगायचे, हा धर्मप्रश्न आता इथल्या उपचारकांचाही आहे. ‘तुमची अडलेली प्राणशक्ती मोकळी करतो’ असे ठामपणे सांगणे सचोटीचे नाही. खरे सांगितले तर गुणच येणार नाही, ही सबब नेहमी पुढे केली जाते. तीही कॅपचुक यांनी तपासली. २०१० च्या अभ्यासात आतड्याच्या तक्रारीच्या ८० रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना गोळ्या देताना स्पष्ट सांगितले की यांत औषध नाही, पण अशा गोळ्यांनीही फरक पडू शकतो. तीन आठवड्यांनी त्यांतल्या ५९ टक्क्यांना पुरेसा आराम होता. डॉक्टरांशी तेवढाच संवाद झालेल्या, पण गोळी न घेतलेल्यांमध्ये ३५ टक्क्यांना.