आठी पुसताना

बोटॉक्सला अमेरिकेत १९८९ साली तिरळ्या डोळ्यांच्या इलाजासाठी मान्यता मिळाली आणि २००२ साली भुवयांमधल्या आठ्यांसाठी. सुईने स्नायू सैल पडतो. तीन-चार महिन्यांनी असर ओसरला की पुन्हा सुई. पन्नाशीत बसलेले गाल फिलरने भरतात, हे समजू शकते; पण आता काहीजण पंचविशीतच, आठी पडण्याआधी, सुई घेतात.

लढाईत नाक गमावलेल्या अरफजा यांना पैगंबरांनी (स.) सोन्याचे नाक लावण्यास सांगितले. व्यंग झाकणे वेगळे, वय झाकणे वेगळे. आम्ही शिक्षक, मुले आमच्या कपाळावरूनच आमचे मन वाचतात. तरी सुई घेणाऱ्या बाईला आम्ही दोष देणार नाही. वय दिसताच तिची किंमत कमी करणारी नजर आमचीही आहे. आधी इलाज त्या नजरेचा व्हावा.