चेहरे न दिसणारे कुरुक्षेत्र

अर्जुनाने रणांगणावर सगळ्यांत आधी एक मागणी केली: रथ दोन्ही सैन्यांच्या मधोमध नेऊन उभा कर, मला कोणाशी लढायचे आहे ते बघू दे. गीतेचा सारा उपदेश या बघण्यातून निघाला. समोर आजोबा दिसले, गुरू दिसले, मामा आणि चुलतभाऊ दिसले, तेव्हा गांडीव हातातून गळाले आणि प्रश्न सुरू झाले. न बघताच त्याने पहिला बाण सोडला असता, तर कृष्णाला बोलण्याचे कारणच उरले नसते.

बांगलादेशाच्या युद्धात ४ डिसेंबर १९७१ रोजी बंगालच्या उपसागरात 'आयएनएस विक्रांत' या विमानवाहू जहाजावरून आठ सी हॉक विमाने उडाली आणि त्यांनी कॉक्स बाजारच्या विमानतळावर हल्ला चढवला. त्याच दिवशी चितगावही गाठले. पुढच्या दिवसांत चितगाव, खुलना, मोंगला या बंदरांवर आणि तिथल्या जहाजांवर मारा होत राहिला. सी हॉक हे एकाच वैमानिकाचे विमान. बाजूला सारथी नाही, थांबून बघायला वेळ नाही. खाली धावपट्टी, इंधनाच्या टाक्या, नांगरलेली जहाजे. माणसे असली तरी ठिपक्यांएवढी. रथ मधोमध नेण्याची सोय या आठांपैकी एकालाही नव्हती.

हे पथक म्हणजे भारतीय नौदलाची ३०० क्रमांकाची स्क्वाड्रन, 'व्हाईट टायगर्स'. १९६० साली वेल्समधल्या ब्रॉडी इथे ती उभी राहिली. १९६१ च्या मे महिन्यात लेफ्टनंट राधाकृष्ण तहिलियानी यांनी विक्रांतवर पहिले जेट उतरवले. पुढे ते नौदलप्रमुख झाले. १९७१ मध्ये स्क्वाड्रनचे नेतृत्व लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांच्याकडे होते आणि त्यांना महावीरचक्र मिळाले. पूर्वेच्या याच ताफ्यात 'कामोर्टा' युद्धनौकेवर एक मराठी कप्तान होते, मनोहर आवटी. वीरचक्राचे मानकरी. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिले आणि एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या मोहिमेला त्यांनी नौदलात जन्म दिला.

या माणसांच्या धैर्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. प्रश्न वेगळा आहे आणि तो धर्माचा आहे. हलत्या जहाजावरून उडून, न दिसणाऱ्या माणसांवर बाँब टाकून पुन्हा त्याच जहाजावर उतरायचे, या कर्माचा कर्ता नेमका कोण?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. विमानवाहू जहाजाला ही मांडणी जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशाला पडत असेल. अधिष्ठान म्हणजे ते जहाज. करण म्हणजे विमान, तोफा, बाँब. चेष्टा तर शेकडो: वाफेच्या जोरावर विमान फेकणारा कॅटापल्ट सांभाळणारे, उतरणाऱ्या विमानाला अडवणाऱ्या तारा तपासणारे, बाँब जोडणारे, बॉयलरपाशी घाम गाळणारे, भटारखान्यात हजाराहून अधिक माणसांसाठी रांधणारे. यांतला एक हात थांबला तरी विमान उडत नाही.

दैवाचा वाटाही तिथे स्पष्ट दिसला. विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला भेगा गेल्या होत्या, त्यामुळे जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता. विमान उडायला डेकवर समोरून वारा लागतो. तो काही जहाजाच्या वेगातून मिळतो, काही निसर्गाकडून, आणि डिसेंबरात त्या समुद्रावर वारा मंद. माणसांनी सगळे केले तरी उरलेला हिशेब वाऱ्याच्या हाती होता.

अमेरिकन नौदलाला हा धडा ४ जून १९४२ रोजी मिडवेच्या लढाईत फार महागात मिळाला. 'हॉर्नेट' जहाजावरच्या आठव्या फायटर स्क्वाड्रनची दहा वाइल्डकॅट विमाने शत्रू न सापडताच इंधन संपून समुद्रात उतरली. त्याच जहाजाची पंधरा टॉर्पेडो विमाने फायटरांच्या संरक्षणाविना जपानी ताफ्यावर गेली आणि एकही परतले नाही. त्यांतल्या तीस जणांपैकी एकच जगला. मात्र अशा टॉर्पेडो विमानांमागे लागलेली जपानी विमाने खाली आली आणि वरून आलेल्या अमेरिकन डाइव्ह बाँबरांना वाट मोकळी मिळाली. त्या दिवशीच्या विजयाचा कर्ता कोणाला म्हणायचे? ज्यांनी जहाजे बुडवली त्यांना, की ज्यांचा एकही टॉर्पेडो लागला नाही त्यांना?

विक्रांतच्या कथेत तर कर्ता कोण यावर अजून वाद आहे. तिच्या मागावर निघालेली पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी ३ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. भारताच्या मते 'राजपूत' या भारतीय युद्धनौकेने टाकलेल्या डेप्थ चार्जेसमुळे. पाकिस्तानच्या मते आतल्या स्फोटाने किंवा तिने स्वतःच पेरलेल्या सुरुंगाने. ती तिथे आली ती मात्र फसून. विक्रांत अंदमानकडे असताना ती विशाखापट्टणमलाच आहे असे भासवणारे संदेश व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांच्या योजनेनुसार हवेत सोडले गेले होते. अश्वत्थाम्याच्या नावाने धर्मराज जे अर्धे खोटे बोलला, त्याच जातीचे हे कर्म. महाभारताने त्या वाक्याला युद्धनीती म्हणून सोडून दिले नाही. धर्मराजाचा जमिनीवरून अधांतरी चालणारा रथ खाली टेकवला. गाझीबरोबर तिच्यावरचे नव्वदहून अधिक खलाशी गेले.

आता रणांगणापासून दूर या. मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर ओळीने गाळे आहेत. कुठे लेथ चालते, कुठे ड्रिल, कुठे वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात. डोक्यावरून चाके खाली काढलेली विमाने उतरत असतात आणि मशीनवरचा कारागीर मान वर करत नाही. त्याच्या हातातला नट कुठल्या यंत्रात बसणार हे त्याला बहुधा माहीत नसते. गीतेच्या हिशेबात मात्र तो 'करण' या सदराला लागूनच उभा आहे. आणि फक्त तोच नाही. १९७१ च्या नोव्हेंबरपासून देशभर टपालावर निर्वासितांच्या मदतीसाठी ५ पैशांचे जादा तिकीट लागत होते. मुंबईकर खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटवून ब्लॅकआउट पाळत होते. त्या युद्धात अख्ख्या देशाची चेष्टा मिसळलेली होती.

इथेच एक पळवाट उघडते आणि ती फार वापरली जाते. इतके हात होते, मग माझा वाटा कितीसा? मी तर निमित्तमात्र! अकराव्या अध्यायातला हा शब्द आपण दोषाच्या वेळी काढतो, श्रेयाच्या वेळी विसरतो. अठरावा अध्याय नीट वाचला तर तो असे काही म्हणत नाही. केवळ मीच कर्ता असे मानणाऱ्याला तो अज्ञानी ठरवतो, पण कर्त्याला पाचांतून वगळत नाही. कर्म वाटले गेले म्हणून ते विरघळत नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिले ते कर्म टाळू नये हे सांगण्यासाठी. केलेले कर्म विसरायला त्यात परवानगी नाही.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या प्रवचनांत एका न्यायाधीशाचा दाखला आहे. इतरांना फाशी देताना त्याला काही वाटले नाही. आरोपी म्हणून स्वतःचा मुलगा उभा राहिला तेव्हा फाशी अमानुष असल्याचे त्याला सुचले. अर्जुनाची करुणा ही अशी नात्यापुरती होती, असे विनोबांचे म्हणणे. ते खरेच आहे. पण आकाशातून लढणाऱ्याला तेवढीही संधी नसते. त्याला चेहराच दिसत नाही, म्हणून मोहही होत नाही आणि प्रश्नही पडत नाही. जे. ग्लेन ग्रे या अमेरिकन तत्त्वज्ञाला डॉक्टरेटचे पत्र आणि सैन्यभरतीचा हुकूम एकाच दिवशीच्या टपालाने मिळाले होते. युद्धातून परतल्यावर 'द वॉरियर्स' या १९५९ सालच्या पुस्तकात त्याने सैनिकाच्या अपराधभावनेचा शोध घेतला. समूहात मिसळलेल्या माणसाला स्वतःचा वाटा दिसेनासा होतो, ही त्याची मुख्य चिंता होती.

बांगलादेशाचे युद्ध टाळायला हवे होते, असा याचा अर्थ मुळीच नाही. सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले होते, आणि पूर्व पाकिस्तानात जे चालले होते ते बघत बसणे हाच मोठा अधर्म ठरला असता. बंदरे बंद झाली, पाकिस्तानी सैन्याची समुद्रातली वाट तुटली आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. पण चितगावच्या गोदीत ओझी वाहणारे हात त्याच बंगाली लोकांचे होते, ज्यांच्या सुटकेसाठी विमाने आली होती. युद्ध न्याय्य असले तरी ही गोष्ट पुसली जात नाही.

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि २०१४ मध्ये लिलावात गेल्यावर दारूखान्याच्या जहाजतोडणी आवारात तोडली गेली. तिच्या पोलादाचा काही भाग वापरून बजाजने २०१६ मध्ये 'व्ही' मोटरसायकल काढली आणि लोकांनी ती अभिमानाने घेतली. तो अभिमान रास्त आहे. मात्र जहाजाच्या कीर्तीत ज्याला वाटा हवा, त्याने जहाजाच्या कर्मातला वाटाही घ्यायला हवा.

तो घ्यायचा कसा, हे महाभारतच सांगते. युद्धाआधी अर्जुन बघतो आणि युद्धानंतर, स्त्रीपर्वात, सगळ्यांना बघावे लागते. गांधारी आणि कौरवांच्या स्त्रिया रणांगणावर येतात, एकेक देह ओळखतात. ज्यांचे कोणी नाही अशा परमुलखातल्या मृतांचेही अंत्यसंस्कार धर्मराज करवून घेतो. तिलांजलीच्या वेळी कुंती सांगते की कर्ण तुमचा थोरला भाऊ होता. शत्रू कोण होता हे पांडवांना तेव्हा कळते. वैमानिकाला आधी बघता येत नसेल, तर नंतर बघणे हे त्याच्यापेक्षाही आपले काम आहे, कारण आपल्याला वेळ आहे आणि आपल्यावर कोणी तोफा डागत नाही.

४ डिसेंबर हा नौदल दिन, आणि गीताजयंतीही साधारण याच दिवसांत, मार्गशीर्षात येते. साकीनाका, असल्फा, चांदिवलीत ज्या शाळा आणि मंडळे गीतापठण घेतात, त्यांनी यंदा अठराव्या अध्यायानंतर स्त्रीपर्वाची कथाही मुलांना सांगावी. सी हॉकच्या वैमानिकांचे शौर्य सांगावे, बॉयलरपाशी राबलेल्या खलाशांचे कष्ट सांगावेत, आणि चितगावच्या गोदीतल्या मजुरांसाठी व गाझीवरच्या माणसांसाठीही दोन मिनिटे उभे राहावे.