वासुदेवाचे दान

महाराष्ट्राच्या गावोगावी पहाटे दारोदार गाणारा वासुदेव देवळाबाहेरच्या धर्माचा प्रतिनिधी आहे. मोरपिसांची उंच निमुळती टोपी, पायघोळ झगा, हातात टाळ-चिपळ्या, कमरेला पावा. हा सारा वेश कृष्णभक्तीचा. झुंजुमुंजू व्हायच्या वेळी तो घरोघरी नामाची आठवण करून देतो आणि पुढच्या दाराकडे वळतो.

त्याच्या गाण्याचा गाभा दान मिळाल्यावर प्रकटतो. सुपातले धान्य झोळीत पडले की पंढरपूरचा विठोबा, जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी अशी एकेका देवतेची नावे घेत तो दान त्यांना पावल्याची ग्वाही देतो. वैष्णव, शैव, शाक्त असा भेद या नामावळीत उरत नाही. जिला कधी यात्रा घडली नाही, त्या बाईचे पसाभर जोंधळेही तीर्थाला पोचतात. शिवाय घेणारा स्वतःला दानाचा धनी म्हणवत नाही. तो देवांच्या वतीने घेतो, त्यामुळे देणाऱ्याच्या अहंकाराला आणि घेणाऱ्याच्या लाजेला सारखीच जागा उरत नाही. दानाविषयीचा इतका सूक्ष्म विचार ग्रंथाविना, चालीवर घरोघर पोचावा, ही या परंपरेची थोरवी.

संतांनी ही ताकद ओळखली होती. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांतून वासुदेव, जोशी, गोंधळी अशा फिरत्या लोकांची सोंगे घेतली आणि अद्वैताचा विचार त्यांच्या तोंडून वदवला. ज्ञान सांगण्याचा अधिकार त्यांनी झोळीवाल्याला दिला, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

समाजाने मात्र तो अधिकार गाण्यापुरताच मानला. पहाटे ज्याला हात जोडायचे, त्याच्या वाट्याला शेत आणि शाळा क्वचितच आली. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत वासुदेवांची नोंद आहे.

१९५९च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने तर गाणे, नाचणे, भविष्य सांगणे ही भीक मागण्याची निमित्ते म्हणून नोंदवली. गाणे हेच दानाचे प्रयोजन असू शकते, ही शक्यता त्या व्याख्येत बसत नाही. दिल्लीला लागू असलेल्या याच कायद्यातील, भीक मागणे गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. त्या निकालाचा आधार गरिबांचे मूलभूत हक्क हा होता. दारी गायलेले गाणे उपासना की याचना, याचा निवाडा त्यातून झालेला नाही.